साळवे मॅडमचा कंदील

साळवे मॅडमला काही विचारलं की उत्तर मिळायचं नाही, नुसतं बोट मिळायचं. सहावीत असताना मी त्यांना विचारलं होतं की बर्फाचं पाणी ओतलं की स्टीलचा ग्लास बाहेरून ओला का होतो. त्यांनी ग्लासाकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस? त्याला विचार." मला भयंकर राग आला. मी तशी रागीटच, अजूनही आहे. जालन्यात मस्तगडला माझं मेडिकल आहे, तिथली गिऱ्हाइकं सांगतील तुम्हाला. ग्लासाला काय विचारायचं, त्याला काय तोंड आहे का, असं मी फणकाऱ्यानं म्हटलं. तर मॅडम म्हणाल्या, "पाण्यात शाई टाक. ग्लास गळत असला तर बाहेर शाई येईल. न्हाई आली, तर ते पाणी दुसरीकडून आलंय. कुठून, ते उद्या सांग मला."

शाई आली नाही. ते पाणी हवेतून आलं हे माझ्या डोक्यात शिरायला चार दिवस लागले, पण पुन्हा निघालं नाही. त्यांचं शिकवणं हे असं होतं. वस्तूला नीट विचारलं तर वस्तू खोटं बोलत नाही, हे त्यांनी आमच्यात इतकं मुरवलं होतं की आमच्या आख्ख्या गावाला त्याची सवय लागली. त्या सवयीनं काय केलं, ते सांगायला मी बसले आहे. माझा भाऊ आज जिवंत आहे तो या बाईमुळं. आणि त्यानं आठ वर्षं या बाईचं नाव घेतलं नाही, तेही त्याच दिवसामुळं.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, टेंभुर्णीपासून आत, फाट्यावर उतरून चालत जायचं. मॅडम तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान-गणित शिकवायला आल्या आणि शाळेमागच्या एका खोलीत राहिल्या. बाई एवढीशी. स्कूटीवर बसल्या की पाय जेमतेम टेकायचे. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. पर्समध्ये खडू, सेफ्टी पिना आणि मीटरभर सुतळी, तिला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. कुठंही थांबल्या की काहीतरी मोजायच्या.

विहीर दिसली की त्यांना राहवत नसे. खडा टाकायच्या आणि आमच्याकडून मोजून घ्यायच्या. "एक, दोन" असं नाही, कारण ते घाईत पटपट म्हटलं जातं. "एकशे एक, एकशे दोन" असं म्हणायला बरोबर एकेक सेकंद लागतो. तो आम्ही त्यांच्या घड्याळावर लावून घेतला होता. खडा एका सेकंदात सोळा फूट पडतो. दोन सेकंदांत किती? आम्ही बत्तीस म्हणून ओरडलो. मॅडमनी विहिरीकडं बोट केलं. दोरी सोडून मोजली तर चौसष्ट फूट. वेळ दुप्पट झाला की खोली चौपट होते, कारण खडा पडता पडता वेग धरतो. ती विहीर आमचीच होती, मळ्यातली.

माझा भाऊ दत्ता, आमचा दादा, तेव्हा विशीतला. तालमीतला गडी, मान आणि दंड एकाच मापाचे. मला शाळेत सोडायला आला की मॅडमची थट्टा करायचा. "मॅडम, तुमच्या इज्ञानानं पोरं वाळून चालली, जरा दूध पाजा." एकदा मॅडमनी त्याला गवंड्याचा लांबलचक पारदर्शक पाइप दिला, तोच, लेव्हल बघायचा. एक टोक बादलीत बुडवलं, दुसरं घेऊन दादाला पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढवलं आणि वर ओढून पाणी पी म्हणाल्या. दादाचा जिवाभावाचा दोस्त उत्तम खाली उभा राहून शिट्ट्या मारत होता. दादानं गाल आत घेतले, डोळे बाहेर काढले, लालबुंद झाला. पाणी दीड पुरुषभर चढलं आणि थांबलं. पुढं काही केल्या सरकेना.

"दत्ता, तू पाणी ओढत न्हाईस," मॅडम खालून म्हणाल्या. "तू फक्त पाइपातली हवा काढून घेतोस. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, बादलीवर बसलेली. तिच्यात जोर असेल तेवढंच पाणी चढणार. मशीन लावलं तरी तेच. पंचवीस-तीस फुटांच्या पुढं वर ठेवलेलं इंजन हात टेकतं. मंग इंजनच खाली न्यावं लागतं."

दादा आठवडाभर तोंड लपवून फिरला, पण ते वाक्य विसरला नाही. तो विसरला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं.

कंदिलाचा धडा त्याच उन्हाळ्यातला. मॅडमनी एका उंच डब्याच्या तळाशी खायचा सोडा टाकला, वर लिंबू पिळलं. फसफसलं आणि शांत झालं. डब्यात काहीही दिसत नव्हतं. मग त्यांनी तारेला बांधलेली पेटती मेणबत्ती हळूहळू आत सोडली. अर्ध्यात गेली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली, तिथंच विझली. तळाशी एक जड हवा बसली होती. धान्य साठवायच्या जमिनीतल्या जुन्या पेवात, पडक्या विहिरीत अशीच हवा साठते आणि तिच्यात माणूस गुदमरतो, हे मॅडमनी सांगितलं आणि शाळेच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलं: दिवा विझला तर उतरू नका.

पुढं मारुतीच्या देवळामागची जुनी विहीर साफ करायला माणसं जमली, तेव्हा मॅडम कंदील घेऊन गेल्या. तो तीनदा सोडला, तीनदा विझला. हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर खिळ्याला एक कंदील कायम टांगलेला असायचा, सगळे त्याला मॅडमचा कंदील म्हणायचे. आमच्या गावात कंदील सोडल्याशिवाय कुणी विहिरीत पाय टाकत नसे. शेजारच्या गावांची माणसं बिनदिक्कत उतरायची किंवा भुताला भिऊन उतरायचीच नाहीत. आम्ही दिव्याला विचारून उतरायचो, आणि त्याचा आम्हाला जरा माजच होता.

मी जालन्याला फार्मसीला होते तेव्हाची गोष्ट. मे महिना, मी सुट्टीला घरी आलेली. आमच्या विहिरीचा गाळ काढायचा होता. तळाला पाणी होतं, ते आधी उपसायला हवं होतं. दादानं गाळ ओढायची क्रेन काठावर लावली होती आणि पाण्यासाठी रॉकेलवर चालणारं छोटं इंजन आणलं होतं. क्रेनवाला म्हणाला, ठेवा वरच, काठावर. दादा त्याला हसला. "चौसष्ट फूट हाय. हवा एवढी ढकलत नसती भाऊ. इंजन खाली न्यावं लागतं." मी तिथंच उभी होते, आणि मला अभिमान वाटला. मॅडमचा विद्यार्थी नसूनही माझा भाऊ बरोबर बोलत होता.

पंचेचाळीस फुटांवर विहिरीत एक रुंद कपार आहे. क्रेननं इंजन त्या कपारीवर उतरवलं, उत्तमनं जाऊन ते सुरू केलं आणि लगेच वर आला. दोन तास इंजन चाललं. मग रॉकेल संपून आपोआप बंद पडलं. पाणी खाली गेलं होतं, पाइपाचं तोंड गाळात रुतलं होतं. ते मोकळं करायला पुन्हा उतरणं भाग होतं. धूर निवळेपर्यंत त्यांनी अर्धा तास वाट पाहिली. मग कंदील आणला, दोरीनं सोडला. तो कपारीपर्यंत गेला आणि जळत राहिला.

"बराबर जळून राह्यला," उत्तम म्हणाला आणि क्रेनच्या बादलीत बसला. ही बादली म्हणजे चांगली कमरेएवढी लोखंडी, गाळही तिच्यातूनच वर येतो आणि माणसंही. विहिरीला पायऱ्या नाहीत, खाली जायची दुसरी वाट नाही. उत्तम कपारीवर उतरला, वर बघून हात केला. क्रेनवाल्यानं बादली वर घेतली. मग उत्तम म्हणाला, "दत्त्या, डोकं जड झालं रे." आणि खाली बसला. आम्हाला वाटलं उन्हानं. मग तो कुशीवर कलंडला. त्याच्या डोक्याशी कंदील जळत होता.

दादानं दोन हाका मारल्या आणि सरळ बादलीला हात घातला. तेवढ्यात बांधावरून स्कूटी येताना दिसली. मॅडम वह्या तपासत खोलीत बसल्या होत्या, असं मला नंतर कळलं. इंजनाचा आवाज सकाळपासून त्यांच्या कानावर होता आणि तो जमिनीखालून येतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण आवाज बंद झालाय हे त्यांना बऱ्याच वेळानं जाणवलं आणि त्या तशाच उठल्या. इंजन बंद झालं म्हणजे आता कुणीतरी खाली उतरणार.

"दत्ता, थांब."

"मॅडम, दिवा जळून राह्यला. तुमचाच दिवा हाय, बघा की."

मॅडमनी काठावरून खाली पाहिलं. आधी उत्तमकडं, मग कंदिलाकडं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. चूक सापडल्यावर वहीवर त्या जशा बघायच्या तशाच बघत होत्या, फक्त वही त्यांचीच होती. मग त्या वळल्या आणि बादलीत जाऊन बसल्या. गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही हातांनी वरची साखळी धरली.

"दिव्याला हे कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला उचलून फेक आणि मंग जा."

"मॅडम, उत्तम मरून राह्यला खाली."

"हो. आणि तू गेलास तर दोघं मराल. मनीषा, पलीकडच्या वावरात ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर आहे, पळ. नळीसकट घेऊन ये म्हणाव."

मी पळाले. माझ्या आयुष्यात मी तेवढी कधी पळाले नाही. विहिरीच्या खडकाला भोकं पाडायला जो कॉम्प्रेसर लावतात, तो नशिबानं दोन वावरं सोडून उभा होता. तो येऊन, नळी खाली सोडून, ताजी हवा उत्तमच्या तोंडाशी सुटेपर्यंत नऊ मिनिटं गेली. मॅडमच्या घड्याळानं नऊ. तेवढा वेळ दादा त्या बादलीभोवती फिरत होता. त्यानं आधी विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या, मग क्रेनच्या खांबावर डोकं आपटून रडला. एकदा त्यानं मॅडमचा दंड धरून खरंच उचललं होतं. मॅडमनी साखळी सोडली नाही, त्यांच्या तळहाताची साल निघाली. त्या फक्त एवढंच म्हणत राहिल्या, "थांब दत्ता. थांब."

हवा सोडल्यावर आणखी पाच मिनिटं त्यांनी थांबवलं. मग स्वतः उठल्या, दादाच्या छातीला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. "मनीषा, मोज. मोठ्यानं. दोनशे म्हटलं की ओढायचं, उत्तम हाती लागो न लागो."

मी मोजलं. एकशे एक, एकशे दोन. माझा आवाज मलाच परका वाटत होता. एकशे वीसला दादा कपारीवर पोचला. एकशे सत्तरला त्यानं उत्तमला बादलीत ओढून घेतलं. एकशे नव्वदला मी रडत होते, पण मोजणं चुकू दिलं नाही. दोनशेला दोघंही वर येत होते.

जालन्याला पोचलो तेव्हा उत्तम गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, तो बहुतेक पहिल्या काही मिनिटांतच गेला असेल. बहुतेक. त्या एका शब्दावर दादा आठ वर्षं अडून बसला. चौदा मिनिटं मला धरून ठेवलं न्हाईतर माझा दोस्त आज असता, असं तो म्हणायचा. खरं काय ते कुणालाच माहीत नाही.

कंदील सगळ्यात शेवटी वर ओढला. तो तेव्हाही जळत होता.

गावानं मॅडमला एका शब्दानं दोष दिला नाही. दिवा जळत होता ना, मग हवा चांगलीच होती. उत्तमला विहिरीनंच घेतलं, असं ठरलं. कुणाला तर विहिरीत भुतासारखी बाईसुद्धा दिसली होती. मॅडमना सुटायला याच्याइतकी सोपी वाट नव्हती. त्या पाचव्या दिवशी उत्तमच्या घरी गेल्या, मी त्यांच्यासोबत होते. उत्तमची बायको सुनीता भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "विहिरीनं घेतलं म्हणत्यात मॅडम."

"विहिरीनं न्हाई, सुनीता. माझं शिकवणं अर्धं होतं. इंजनाच्या धुरात एक वायू असतो, तो माणसाला मारतो पण दिव्याला विझवत न्हाई. मला तो माहीत होता. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, हे मी दर हिवाळ्याला शिकवते, ते त्याच वायूमुळं. दिव्याचा धडा मी उन्हाळ्यात घ्यायचे. दोन धडे मी कधी एकत्र आणले न्हाईत."

सुनीतानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आता आणा." एवढंच.

शाळा उघडल्यावर मॅडमनी भिंतीवरच्या निळ्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली: विहिरीत इंजन चाललं असेल तर दिवा जळला तरी उतरू नका. आणि त्याच्याखाली तिसरी: हे मी आधी शिकवलं नव्हतं, साळवे. हेडमास्तर म्हणाले, शेवटची ओळ कशाला, शाळेची बदनामी. मॅडम म्हणाल्या, ती ओळ पुसली तर वरची कुणी वाचणार नाही.

त्यांनी पोरांना कसं समजावलं ते मी खिडकीतून ऐकलं. एसटी फलाटाला लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. आपलं रक्त म्हणजे एसटी, तिच्यात हवेतला प्राणवायू बसतो आणि अंगभर फिरतो. हा धुरातला वायू येतो आणि सगळ्या सीटांवर रुमाल टाकून ठेवतो. बाहेर हवा पुष्कळ असते, पण तिला बसायला जागा नसते. "आणि दिव्याला एसटी लागतच न्हाई," मॅडम म्हणाल्या. "त्याला रक्त न्हाई. तो हवा जागेवरच घेतो आणि जळतो. आपण दिव्याला विचारलं, तुला जळता येतंय का? तो हो म्हणाला. मला जगता येईल का, हे आपण त्याला विचारलंच न्हवतं." मी घरी येऊन दादाला हे सांगायला गेले. तो म्हणाला, "मला नको सांगू," आणि ताटावरून उठला.

त्यानंतर मॅडम रविवारी घरी सापडायच्या नाहीत. कुठं विहिरीचं काम निघालंय असं कानावर आलं की स्कूटी काढायच्या. हसनाबादपर्यंत जायच्या. लोक हसायचे, काही ठिकाणी हाकलून लावायचे. बदली झाली तरी तेच चाललं. पुढं निवृत्त झाल्या, गुडघे गेले, स्कूटी सुटली आणि माझाही संपर्क सुटला. दादा कधी त्यांचं नाव काढायचा नाही. त्याच्यासमोर आम्हीही काढत नव्हतो.

परवा मार्चमध्ये मी माहेरी निघाले होते. एसटीत चढले तर पुढच्या सीटवर साळवे मॅडम. केस पांढरे, हातात काठी, घड्याळ अजून मनगटाच्या आतच. मला ओळखलं, शेजारी बसवलं, आणि दुकानातलं थर्मामीटर झटकल्याशिवाय पारा खाली का येत नाही हे विचारलं. मी म्हटलं, आता पाऱ्याची मिळत नाहीत, मॅडम. "मंग आता मुलांनी विचारायचं कुणाला?" असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या आणि एकदम ताठ झाल्या.

रस्त्यापासून शंभर पावलांवर एका विहिरीवर क्रेन उभी होती. विहिरीच्या तोंडातून निळसर धूर वर येत होता, पातळ, विरत चाललेला. चार-पाच माणसं काठावर वाकून बघत होती. इंजनाचा आवाज नव्हता.

"कंडक्टर, गाडी थांबवा," मॅडम म्हणाल्या. कंडक्टर कुरकुरला, पण काठी दारापर्यंत आली होती. मी उठायला लागले तर माझ्या खांद्यावर हात दाबला. "तू बस. घरी वाट बघत असतील." आणि त्या उतरल्या. मी बसले. मला आजही त्याची लाज वाटते.

दोन पोती चढवायची होती म्हणून गाडी थांबूनच होती. नांगरलेल्या वावरातून मॅडम काठी टेकत चालल्या होत्या, दुसरा हात वर. ढेकळांत पाय अडकत होता. काठावरचा एक माणूस बादलीत बसायला पाय टाकत होता. मॅडम काहीतरी ओरडल्या असतील, मला ऐकू आलं नाही. मी मोजायला लागले, तोंडातल्या तोंडात. एकशे एक, एकशे दोन. एकशे साठला कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी मान मोडेपर्यंत मागं वळून बघत होते. एकशे ब्याऐंशीला त्या माणसानं पाय परत बाहेर काढला आणि मॅडम त्या बादलीत बसल्या. काठी मांडीवर आडवी, दोन्ही हातांनी साखळी धरलेली. मग वळण आलं.

मी दादाला फोन लावला. तो ताटावरून उठला होता, त्यानंतर आठ वर्षांत त्याच्यापाशी पहिल्यांदा मॅडमचं नाव काढलं. कुठं दिसल्या, कशा उतरल्या, ते सांगितलं.

मग त्यानं विचारलं, "बादलीत बसल्या का?"

"बसल्या."



"मने," तो म्हणाला, "तू उतरायला पायजे होतं."